फीडरला हात लावण्याआधी

(दृश्य : निपाणी तालुका. पहाटेचा अंधार, उसाच्या फडाच्या बांधावर एकच लाल दिवा.)

हा दिवा पंपाच्या स्टार्टरवरचा आहे. थ्री फेज वीज आली की तो लागतो आणि काही सेकंदांत पेटीतला काँटॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा चुंबकी खटका, खटकन ओढला जातो. त्याच सुमारास या ११ केव्ही फीडरवरचे, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या या वाहिनीवरचे, इतर ऑटो स्टार्टरही ओढले जातात. इंडक्शन मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सहा पट प्रवाह खेचते, त्यामुळे टोकाच्या टीसीवर, म्हणजे कागल-कोल्हापूरकडे ज्याला डीपी म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज घसरते. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरले की मोटरचा फिरवण्याचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३६ टक्क्यांनी उतरतो. मग मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही.

(दृश्य : विजेचे उंच मनोरे, पलीकडे साखर कारखान्याची चिमणी.)

पीएम-कुसुम योजनेत शेतीपंपांचे संपूर्ण फीडर सौरऊर्जेवर नेण्याची तरतूद आहे, आणि हंगामात साखर कारखाने चिपाडावर तयार केलेली वीज याच जाळ्यात सोडतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली, तेव्हापासून दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकाच ५० हर्ट्‌झच्या तालावर चालते. जी सीमा माणसांना अजून सुटलेली नाही, ती विजेने केव्हाच ओलांडली. अशा चालत्या जाळ्यावर ‘करून तर पाहू’ म्हणण्याची सोय नसते, कारण तो प्रयोग कुणाच्या तरी मोटरच्या वायंडिंगवर होतो.

(दृश्य : बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा. शेजारीशेजारी तीन स्क्रीन.)

म्हणून हे विद्यार्थी असे प्रयोग येथे, संगणकातल्या फीडरवर करतात. पहिल्या स्क्रीनवर फीडरचे जाळे आहे. त्याचे गणित ओपनडीएसएस ही प्रणाली करते, जी अमेरिकेतील इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्या स्क्रीनवर पंप आणि सौर इन्व्हर्टर, म्हणजे सौर पॅनलची वीज जाळ्याला चालेल अशी करणारी यंत्रे, आहेत, तर तिसऱ्यावर नियंत्रणाचे संदेश कुठे किती अडकतात याचा हिशेब. प्रत्येक प्रणाली आपापल्या घड्याळाने चालते : संदेश मिलिसेकंदांत, ढगाची सावली सेकंदांत, पाण्याची पाळी तासांत. या सर्वांना एकाच साच्यात कोंबण्याऐवजी प्रत्येकीला तिचे गणित करू द्यायचे आणि ठरलेल्या क्षणी थांबवून आकड्यांची देवाणघेवाण करवायची, याला को-सिम्युलेशन म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांची मॉडेल्स एकमेकांशी बोलावीत यासाठी फंक्शनल मॉक-अप इंटरफेस हे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली आणि तिसरी २०२२ मध्ये.

(दृश्य : स्क्रीन जवळून. व्होल्टेजची रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली.)

ही रेषा पाहून प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सगळ्यांचा समज झाला की इन्व्हर्टर जोडताच फीडर डळमळणार. वास्तविक डळमळत होती ती देवाणघेवाण. जाळे मिनिटापूर्वीची सौर निर्मिती धरून व्होल्टेज काढत होते आणि इन्व्हर्टर त्या शिळ्या व्होल्टेजला उत्तर देत होता, त्यामुळे दोघे एकमेकांच्या मागे धावत राहिले. देवाणघेवाण मिनिटाऐवजी सेकंदाला केली आणि इन्व्हर्टरला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळही मॉडेलमध्ये धरला, तेव्हा दाते गेले. गंमत अशी की त्याच बदलाने आधी न दिसलेली एक गोष्ट उघड झाली. मोटर सुरू होण्याचा झटका काही सेकंदांचाच असतो. मिनिटाच्या टप्प्यात तो संपूर्ण हरवला होता, आता तो खोल खड्ड्यासारखा समोर आला. जे नव्हते ते दिसत होते आणि जे होते ते दिसत नव्हते. देवाणघेवाणीतला हा टप्पा निम्मा करून उत्तर बदलते का हे पाहिल्याखेरीज को-सिम्युलेशनच्या आलेखावर विश्वास ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुबक आलेख पाहून माना डोलावणाऱ्या बैठका आम्ही पाहिल्या आहेत.

(दृश्य : पुन्हा तोच बांध. विद्यार्थिनी स्टार्टरच्या पेटीजवळ नोंदयंत्राचे क्लिप लावते आहे. शेजारी बॅटरी धरून उभे असलेले काका.)

मॉडेल आपसांत जुळले, तरी ते फीडरशी जुळते का हे इथेच कळते. हे नोंदयंत्र दर सेकंदाचे व्होल्टेज टिपते. काकांनी आधीच सांगून ठेवले होते की वरच्या मळ्यातल्या मोटारी लागल्या की आपली धरत नाही. नोंदीतला खड्डा मॉडेलच्या खड्ड्यावर ठेवून पाहिला, तेव्हा वेळ जुळली, खोली मात्र जुळली नाही. टोकाकडच्या तारेची जाडी नकाशात एक आणि खांबावर दुसरीच होती. ती दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवले.

प्रत्येक ऑटो स्टार्टरच्या टायमरला वेगवेगळे सेकंद दिले तर मॉडेलमधला खड्डा उथळ होतो. तसा अहवाल वीज कार्यालयात दिला आहे.

(दृश्य : लाल दिवा लागतो. काका टायमरची चकती थोडी फिरवतात. दूर एक मोटर सुरू झाल्याचा आवाज, मग दुसरी, मग ही.)