उपरण्याखालची बोटं

[दृश्य: खरसुंडीचा बाजार, खिलार बैल, धूळ]

आटपाडी तालुक्यातली खरसुंडी. जुन्या पद्धतीचा सौदा इथं तोंडानं होत नाही. व्यापारी आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबतात, भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत असाच स्पर्शाचा सौदा चालतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रंगातला तुकडा]

गाठीभोवती हे जे बारीक गडद ठिपके जमलेत, त्यांत टी-पेशी आहेत. म्हणजे शरीराची फौज झोपलेली नाही. ती पोचली आहे. शत्रू ओळखून तिनं इंटरफेरॉन-गॅमा हे रसायनही सोडलंय. पण गाठ बेरकी. ती हीच हाळी ऐकते आणि आपल्या अंगावर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन उभं करते. टी-पेशीवर असतं पीडी-१. दोघांची बोटं जुळली, की टी-पेशी हात आखडता घेते.

तसा पीडी-१ वाईट नव्हे. हा लगाम नसता, तर आपलीच फौज आपल्याच घरात घुसली असती. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९२ मध्ये शोधला. २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं.

निवोलुमॅब हे औषध पीडी-१ वर जाऊन बसतं, मग गाठीचं बोट तिथं टेकत नाही. अडचण किमतीची. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, जोडीला स्वस्तातल्या गोळ्या. २०२२ मध्ये निकाल आला: नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, या डोससह सुमारे ४३. सगळ्यांना गुण येतो असं नाही. लगाम सुटल्यावर थायरॉईड, फुप्फुस, आतडंही कधीकधी सुजतं.

[दृश्य: मिरज, दवाखान्याबाहेरची रांग]

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आता या रांगेतल्या कुणालाही विचारा, पुडी कुठं मिळते!

सुपारीमुळे गालाच्या आत टीजीएफ-बीटा हा संदेश वाढतो. त्यानं आतली त्वचा दोरीसारखी कडक होते. हाच संदेश टी-पेशींनाही गप्प बसवतो.

"तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला बघू."

[दृश्य: रुग्णाचा हात. दोनच बोटं आत जातात.]