कावड घेऊन निघालेलं कुटुंब

(दृश्य : झाडांखालची तांबडी वाट, सायकलवरून जाणारे विद्यार्थी. कॅमेरा हळूहळू शिल्पाकडे वळतो.)

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातलं शांतिनिकेतन. विश्वभारती विद्यापीठाच्या कलाभवनाचं, म्हणजे कलाशाळेचं आवार. शिल्पकार रामकिंकर बैज यांचं हे ‘संथाल कुटुंब’ 1938 साली घडलं, संथाल म्हणजे इथली एक आदिवासी जमात. तेव्हा रामकिंकर बत्तीस वर्षांच्या आसपास होते. याच कलाभवनात शिकले आणि इथेच शिकवू लागले.

नीट बघा. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे आणि कावडीच्या पाटीत पोर बसलंय. बाईच्या कडेवर तान्हं, डोक्यावर ओझं. सोबत कुत्रंही निघालंय. चंबूगबाळं आवरून सगळं घरच वाटेला लागलंय, बहुधा कामाच्या शोधात. पण चेहऱ्यांवर रड नाही. माना ताठ आहेत आणि पाऊल लांब पडतंय.

त्या काळी चौकात किंवा बागेत पुतळा उभा राहायचा तो राजाचा, नाहीतर लाटसाहेबाचा. उंच चौथरा, ब्राँझ किंवा संगमरवर, खाली नावाची पाटी आणि मागे वर्गणीदार. इथे यातलं काहीच नव्हतं. हे काम कुणी मागवलं नव्हतं, त्याचा मोबदला कुणी ठरवला नव्हता. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून अभ्यासक याच्याकडे बोट दाखवतात. तो मान द्यायचा की नाही, यावर वाद घालता येईल. चौथरा मात्र मुद्दाम बुटका ठेवलाय, एवढं डोळ्यांना दिसतं. मान वर करून नमस्कार करायची सोयच नाही. ही माणसं आपल्याच वाटेनं, आपल्या शेजारून जातात.

(दृश्य : अगदी जवळून, शिल्पाचा खडबडीत पृष्ठभाग.)

आता हा पृष्ठभाग बघा. ब्राँझ परवडण्यातलं नव्हतं, म्हणून लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर सिमेंट आणि खडी कालवून थापली. खडी जांभ्याची, इथल्याच मातीतली. कोकणात ज्याचे चिरे काढतात तोच जांभा इथे बारीक खड्यांच्या रूपात सापडतो. सिमेंट आवळत जातं, त्यामुळे हात झपाझप चालवावा लागतो. गुळगुळीत करत बसायला उसंत नाही. पाठीवर, पोटऱ्यांवर खडे तसेच वर आलेत. कुणाला हे ओबडधोबड वाटेल. मला विचाराल, तर या माणसांना घोटून चकचकीत केलं असतं तर ती खोटी वाटली असती.

याआधी, 1935 साली, रामकिंकरांनी इथल्या झाडांमध्ये एक उंच, शिडशिडीत स्त्री उभी केली होती. त्यांचे कलाभवनातले गुरू, चित्रकार नंदलाल बोस यांच्या सूचनेवरून तिच्या डोक्यावर पायसाचं पात्र आलं आणि ती बुद्धाला खीर देणारी ‘सुजाता’ झाली. ती पाहून रवींद्रनाथांनी रामकिंकरांना बोलावून घेतलं आणि ‘सगळा परिसर असाच भरून टाक’ म्हणाले, असं शांतिनिकेतनात सांगतात.

(दृश्य : ‘गिरणीची हाक’, वाऱ्यावर फडफडणारी लुगडी.)

आणि हे 1956 सालचं. गिरणीचा भोंगा झालाय. दोन संथाल बाया धावत सुटल्यात, ओली लुगडी धावता धावताच वाऱ्यावर वाळवत. मागून एक पोर पळतंय. आधीचं कुटुंब स्वतःच्या चालीनं चाललं होतं. इथे चाल भोंग्याची आहे. शिल्प यावर भाष्य करत नाही. बायांच्या अंगात जोर आहे, चेहऱ्यावर उल्हाससुद्धा आहे. गिरणीनं त्यांचं भलं केलं की वाटोळं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्याच सुमारास दिल्लीतल्या रिझर्व्ह बँकेच्या दारापुढचे प्रचंड यक्ष-यक्षी घडवायचं काम रामकिंकरांकडे आलं. 1970 मध्ये पद्मभूषण मिळाला. 1980 मध्ये ते गेले.

2023 मध्ये शांतिनिकेतन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पण उघड्यावरच्या सिमेंटचं दुखणं वेगळंच असतं. बारीकशा चिरेतून पाणी आत शिरतं, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर आतून ढकलला जातो. तेव्हा स्वस्त पडलेला माल जपायचा, तर तो आता महागात पडतो.