बाणाला न जुमानणारे आकडे

फळ्यावर आठ आकडे लिहितो, ते आधी नुसते बघून घ्या. लिथियम 520, बेरिलियम 900, बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314, फ्लोरिन 1681, निऑन 2081. वायुरूपातल्या सुट्या अणूचा सगळ्यांत सैल इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ही ऊर्जा, एका मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे, किलोजूलमध्ये. हिलाच पहिली आयनीकरण ऊर्जा म्हणतात.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मुलांच्या हातात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी पुस्तक येतं. त्यात आवर्तसारणीवर दोन बाण काढलेले असतात. डावीकडून उजवीकडे ऊर्जा वाढते, वरून खाली कमी होते. मुलं बाण पाठ करतात, मार्क पडतात, विषय मिटतो. बाण खोटे नाहीत. एकाच आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात भरत जातात, म्हणून पकड घट्ट होते. खाली उतरलं की बाहेरचं कवच लांब जातं, मधले इलेक्ट्रॉन आड येतात आणि पकड सुटते. एवढं पुरे. मला बोलायचंय ते बाणाला न जुमानणाऱ्या दोघांबद्दल, बोरॉन आणि ऑक्सिजन.

बोरॉनमध्ये बेरिलियमपेक्षा एक प्रोटॉन जास्त, तरी ऊर्जा 900 वरून 801 वर घसरते. कारण बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन 2एस या उपकवचात, म्हणजे दुसऱ्या कवचाच्या एका कप्प्यात, आहेत आणि एसचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत शिरतो. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन 2पी या पुढच्या उपकवचात जातो. त्याची ऊर्जा आधीच वरची, शिवाय 2एसची जोडी त्याच्या आड. तो स्वस्तात सुटतो.

ऑक्सिजनचं प्रकरण वेगळं. नायट्रोजनचे तीन पी-इलेक्ट्रॉन पी उपकवचातल्या तीन कक्षकांत, म्हणजे तीन वेगळ्या जागांत, एकेकटे असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला रिकामी जागाच नाही, त्याला कोणाशी तरी जोडी करावी लागते. इथे वर्गात हमखास बसच्या बाकांचा दाखला देतात: आधी प्रत्येक जण वेगळ्या बाकावर बसतो, बाकं संपली की शेजारी. मला तो दाखला अर्धवट वाटतो. कोण कुठे बसला ते त्यातून कळतं, पण शेजारी बसण्याची किंमत किती, ते कळत नाही. दोघेही ऋण प्रभाराचे, एकाच कक्षकात एकमेकांना ढकलणारे. ती किंमत फळ्यावर आहे: एक प्रोटॉन वाढूनही 1402 वरून 1314.

आता खालच्या ओळीत बघा की. मॅग्नेशियम 738, ॲल्युमिनियम 578. फॉस्फरस 1012, गंधक 1000. घसरण पुन्हा त्याच दोन जागी. मेंडेलीव्हनं 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊक नव्हता. तो 1897 मध्ये सापडला. एस, पी वगैरे उपकवचं तर त्याच्याही नंतरची. ती कल्पनेची चित्रं नव्हेत, याचा माझ्या मते सगळ्यांत सोपा पुरावा हे चार आकडे आहेत. बाण नियम सांगतो. अणूची आतली रचना या घसरणीतून दिसते.

ॲल्युमिनियम आपल्या ओळखीचं. हा जांभ्याचा तुकडा हातात घेऊन बघा. तांबडा रंग लोखंडाचा, पण खानापूर-चंदगडच्या सड्यांवर याच जातीच्या थरांत बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज मिळतं आणि बेळगावच्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, करतात. ॲल्युमिनात प्रत्येक ॲल्युमिनियमनं बरोबर तीन इलेक्ट्रॉन गमावलेले मानतात. तीनच का? पहिला काढायला 578, दुसऱ्याला 1817, तिसऱ्याला 2745, आणि चौथ्याला 11577! तिसऱ्यानंतर खालचं निऑनसारखं भरलेलं कवच उघडं पडतं. पहिल्या तिघांचा खर्च ऑक्साइडच्या स्फटिकातलं आकर्षण भरून काढतं. चौथ्याचा कोणी भरून काढू शकत नाही. सोडियमचं हेच दोन पायऱ्या आधी होतं: पहिला 496, दुसरा थेट 4562. म्हणून मिठात सोडियम एकच इलेक्ट्रॉन देऊन थांबतो.

तक्त्यातले आकडे परीक्षेपुरते असतात असं वाटत असेल, तर रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटचं उदाहरण ऐका. कॅनडात व्हँकुव्हरला काम करताना त्याच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा वायू ऑक्सिजनच्या रेणूमधून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीकरण ऊर्जा साधारण 1165. अणूची नव्हे, रेणूची, ही गल्लत करू नका. त्यानं तक्ता पाहिला: झेनॉन 1170. म्हणजे जवळपास तेवढीच! निष्क्रिय वायू कशाशीच संयोग पावत नाहीत, असं तेव्हाची पुस्तकं ठामपणे सांगत होती. 1962 मध्ये त्यानं तो गडद तांबडा वायू आणि रंगहीन झेनॉन एकत्र आणले आणि तिथल्या तिथे पिवळसर घन पदार्थ तयार झाला. झेनॉनचं हे पहिलं संयुग. पुढच्याच वर्षी क्रिप्टॉनचं फ्लोराइड नक्की झालं. क्रिप्टॉनची ऊर्जा 1351. आर्गॉनची 1521. त्याचं संयुग हाती यायला 2000 साल उजाडलं, तेही हेलसिंकीच्या प्रयोगशाळेत, अतिथंड तापमानात गोठवून ठेवल्यावरच.