पाण्याची लेन

(पडद्यावर बायोडेटाचं एक पान. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.)

‘संशोधन अनुभव : सहा महिने. आरएनए एक्स्ट्रॅक्शन, आरटी-पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस.’

बायोटेक केलेल्या बहुतेक पोरापोरींच्या बायोडेटात अशी एक ओळ असतेच. मुलाखत घेणारा ती वाचतो न वाचतो, पुढच्या ओळीवर जातो. आपण मात्र इथेच थोडं रेंगाळू.

ही ओळ जिची, ती जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातली. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. घरची केळीची बाग. बारावीनंतर नीटचे मार्क एमबीबीएसला पुरले नाहीत, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बायोटेकला स्कोप आहे. कसला स्कोप, ते म्हणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बीएस्सीची तीन वर्षं तालुक्याच्या ठिकाणी गेली. प्रॅक्टिकलला थेंब मोजून घ्यायची एक पिपेट आणि भोवती वीस डोकी. जर्नल मात्र सगळ्यांची पूर्ण! मग बायोटेकच्या एमएस्सीची गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दिली आणि पुणं गाठलं.

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. मॅडमनी विचारलं, कशावर काम करायचंय? ही म्हणाली, हरण्यावर.

(केळीचं पान. हिरव्यावर पिवळे, तुटक पट्टे.)

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. नावात काकडी असली तरी मिरची, टोमॅटो, केळी, काहीच त्याला वर्ज्य नाही. मावा किडीबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. मृग बागेत, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीत, जुलै-ऑगस्टचं ढगाळ, पावसाळी हवामान त्याला मानवतं. आधी पानं पिवळी पट्टेरी होतात, मग पोंगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, एवढंच हातात.

खरी मेख टिश्यू कल्चरमध्ये आहे. एका चांगल्या कंदापासून प्रयोगशाळेत हजारो रोपं होतात, म्हणून तर जळगावच्या केळीचं चित्र पालटलं. पण त्या मातृवृक्षातच विषाणू लपलेला असेल, तर बाटलीत रोपांबरोबर तोही वाढतो. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2006 मध्ये टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची योजना आणली. विषाणूची तपासणी त्यातली मुख्य गोष्ट. हिच्या प्रोजेक्टचा प्रश्न एवढाच होता : वरून धडधाकट दिसणाऱ्या झाडात हरण्या आहे की नाही, हे खात्रीनं सांगता येईल का?

(खल. त्यात ओतलेला द्रवरूप नायट्रोजन. पांढरी वाफ.)

पान उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये कडक होतं आणि बत्त्याखाली पापडासारखं मोडतं. त्या पुडीतून आरएनए काढायचा; या विषाणूची ओळख त्यातच असते. केळीचा डाग कपड्यावरून जात नाही हे खानदेशात शाळकरी पोरालाही माहीत असतं. डाग पाडणारी तीच पॉलिफेनॉल रसायनं आरएनएलाही चिकटतात. पहिले चार प्रयत्न तपकिरी पाण्यात गेले.

पाचव्यांदा आरएनए निघाला. त्याचा डीएनए करून पीसीआरला लावला. हे तंत्र कॅरी मलिस यांना 1983 मध्ये सुचलं, 1993 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मशीन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. दर फेरीला डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. हिशेबानं तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. हे सगळे विद्यार्थी पाठ करतात. याची दुसरी बाजू हिला जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर, कळली.

(अंधार. यूव्ही दिव्यावर चमकणारे डीएनएचे पट्टे, म्हणजे बँड.)

डावीकडे लॅडर, म्हणजे तुकड्यांची लांबी ताडायची मोजपट्टी. मग बागेतले नमुने. सगळ्यात उजवीकडे पाणी. त्या लेनमध्ये, म्हणजे त्या उभ्या रांगेत, विषाणू नाही, झाड नाही, नुसतं शुद्ध पाणी. तिथे काहीच दिसता कामा नये.

पाण्याच्या लेनमध्ये बँड होता. ठसठशीत.

म्हणजे बाकीच्या नमुन्यांना अर्थच उरला नाही. पाणी बदललं, पुन्हा बँड. हवा तो तुकडा नेमका हेरणारे प्रायमर नवे मागवले, तरी बँड. तीन आठवडे हेच. रात्री नऊला रन लावायचा, साडेअकराला जेल बघायचं आणि होस्टेलवर जाऊन न जेवता झोपायचं. लॅबमधल्या एका सीनियरनं शेवटी शेजारी बसून नुसतं पाहिलं आणि विचारलं, “जेल लोड करायला कुठली पिपेट घेतेस?”

तीच. नवा पीसीआर लावायलाही तीच. तयार झालेल्या शंभर कोटी प्रतींतला डोळ्यांना न दिसणारा शिंतोडा पिपेटच्या नळीत बसला होता आणि पुढच्या प्रत्येक ट्यूबमध्ये उतरत होता. दोष ना पाण्याचा, ना प्रायमरचा. हिच्याच हाताचा.

पिपेट वेगळ्या केल्या, फिल्टरच्या टिप आणल्या, पीसीआर लावायची जागा दुसऱ्या खोलीत नेली.

यातलं बायोडेटात काहीच येत नाही. यायला हवं, असं आम्हाला वाटतं. प्रोटोकॉल कुणीही पाठ करतो. पाण्याची लेन चमकली तेव्हा तिनं तो फोटो डिलीट न करता वहीत चिकटवला, हे विचारायची सोय कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

(फोनवर बोलणारी ती. मागे फ्रीझरची घरघर.)

एप्रिलमध्ये जेल स्वच्छ आलं. घरच्या बागेतल्या पट्टेरी झाडांचे ऑगस्टमध्ये बर्फात घालून आणलेले नमुने पॉझिटिव्ह निघाले. तिनं वडिलांना फोन केला.

“ती खोडं मी तेव्हाच उपटून टाकली,” ते म्हणाले. “तुझं मशीन आत्ता सांगतंय होय?”

ती हसली. मग म्हणाली, “त्यांच्या शेजारच्या रांगेतली दोन हिरवीगार झाडं होती ना, पप्पा, ती पण पॉझिटिव्ह आलीत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “त्यांच्या बुंध्याला फुटलेले पील तर ठेवलेत आपण.”