सायकलवर बसा, स्टार ट्रेक लावा

नमस्कार मंडळी! घरातल्या एक्सरसाइज सायकलवर सध्या काय वाळत घातलंय? टॉवेल? परकर? ते आधी काढा, कारण आज मी तुम्हाला त्या सायकलवर बसून स्टार ट्रेक, म्हणजे ती अंतराळयानातून ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या मंडळींची अमेरिकन सिरीज, बघायला सांगणारे. नवीन नाही हं, पहिली, १९६६ ते १९६९ मधली, कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांच्या स्पॉकची, जी ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची आणि इंग्रजी ओ की ठो कळत नसलं तरी आपण अंघोळ टाळून बघत बसायचो, तीच.

आता हिशोब ऐका. एकूण भाग ७९, एकेक भाग साधारण ५० मिनिटांचा. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्याला तीन भाग. परत सांगते, तीन भाग, की झाला कोटा. सहा महिने दुसरं काही शोधायला नको. मध्यम म्हणजे किती, तर पेडल मारताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. (जिममध्ये जे ढिच्चाक ढिच्चाक लावतात त्यात यातलं एकही करून बघता येत नाही, तो वेगळा विषय.)

जुनीच का? कारण गोष्ट माहीत असते आणि भाग त्याच दिवशी संपतो. नवीन सिरीजमध्ये शेवटच्या मिनिटाला कोणीतरी दार उघडतं, आपण पुढचा भाग लावतो, रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळी सायकल राहते बाजूला. शिवाय हल्ली सगळं एवढ्या अंधारात का शूट करतात, लाइटबिल थकलंय का यांचं?

तर गोष्ट माहीत असली की नजर फ्रेमच्या कडेला जाते, आणि खरी मजा तिथेच आहे. आमच्याकडे काय झालं, मी सायकलवर, आई सोफ्यावर मटार सोलत बसलेली. पडद्यावर यानावरचा डॉक्टर मकॉय एका बेशुद्ध माणसावर काहीतरी चकचकीत, छोटंसं फिरवत होता. आई म्हणाली, "अगं, तो त्याच्या छातीवर मीठ का शिंपडतोय?"

म्हटलं आई, ते डॉक्टरी यंत्र आहे, भविष्यातलं. "भविष्यातलं असू दे नाहीतर पेशवाईतलं, मीठदाणी आहे ती. हॉटेलात ठेवतात तसली."

मंडळी, माझे पाय थांबले. कारण ती खरंच मीठदाणी आहे! या सिरीजचा पहिला प्रसारित भाग, ८ सप्टेंबर १९६६चा, 'द मॅन ट्रॅप'. त्यात एक प्राणी माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतो, मग दाखवायला मीठदाण्या हव्यात. प्रॉप्सवाल्यांनी भविष्यात शोभतील अशा एकदम फॅशनेबल मीठदाण्या विकत आणल्या. आणि मग वरच्या मंडळींना शंका आली, की ही मीठदाणी आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं? म्हणून त्या भागात आपल्या साध्यासुध्या मीठदाण्या वापरल्या आणि त्या फॅशनेबलवाल्या गेल्या डॉक्टरच्या बॅगेत, त्याची हत्यारं म्हणून. म्हणजे अमेरिकेत प्रेक्षकाला ओळखू येणार नाही म्हणून बाजूला टाकलेली मीठदाणी, इतक्या वर्षांनी, मटार सोलता सोलता, चष्मा डोक्यावर असताना आईने ओळखली!

मी तिला हे सगळं धापा टाकत सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "तो मीठ शोषणारा प्राणी कुठे मिळतो? डॉक्टर सारखे मीठ कमी करा म्हणतात, आपलं परस्पर काम होईल." तेव्हापासून ती माझ्यासोबत बघते, पण गोष्ट नाही बघत, भांडी बघते.

हे असं बरंच आहे त्यात. यान दर वेळी ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून माणसं झुपकन गायब करून खाली पाठवायची आयडिया निघाली. ती सुळ्ळकन उघडणारी दारं मागे उभी असलेली माणसं हाताने ओढायची. आणि यानाला तडाखा बसला की कॅमेरा तिरका करायचे आणि नट स्वतःच खुर्चीतून एका बाजूला झोकून द्यायचे. तेव्हा मात्र सायकलचं हँडल घट्ट धरा, आपणही कलतो. ट्रेडमिलवाल्यांनी तर नक्कीच. आणि स्क्रीन डोळ्यांच्या समोर ठेवा, मान वाकडी करून नाही. परत सांगते, समोर.

तिसरा सीझन आला की जरा जपून. त्याचा पहिलाच भाग 'स्पॉक्स ब्रेन'. त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि हे लोक त्याचं शरीर रिमोटने चालवत दुसऱ्या ग्रहावर नेतात, खोटं नाही सांगत. हसून हसून पेडलवरून पाय सुटतो. त्या दिवशी नुसतं स्ट्रेचिंग करा.