आठवड्याचा एक
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[जुना बाजार, रविवार सकाळ. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री.]

पुण्याचा जुना बाजार. रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, पान्यांचे ढीग, किल्ली हरवलेली कुलुपं. आणि या सगळ्यात, वर्षातून दोन-चार वेळा, एखादा कॅमेरा.

हे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. कॅमेरा हातात आला की ते आधी तो कानाशी नेतात. शटर दाबतात आणि ऐकतात. मग लेन्स आकाशाकडे धरतात. आत बुरशीचं जाळं धरलं असेल तर तिथेच दिसतं. सगळ्यात शेवटी कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघतात. खांब एक दिसतो की दोन, आणि दोन दिसला तर कडी फिरवून एक होतो का, यावर घ्यायचा की ठेवायचा ते ठरतं.

[कॅमेरा समोरून. काच पुसणारा अंगठा.]

हा रेंजफाइंडर कॅमेरा. लेन्सच्या वर दोन खिडक्या आहेत, एक मोठी, एक लहान. त्या दोघींमध्ये जे काही बोटांचं अंतर आहे, त्यावर हा सगळा खेळ उभा आहे.

एक बोट डोळ्यांसमोर उभं धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट जागचं सरकतं. जवळ आणलं की जास्त सरकतं, लांब नेलं की कमी. या सरकण्यावरूनच अंतर कळतं. तोफखान्यात आणि लढाऊ जहाजांवर लक्ष्य किती लांब आहे ते याच युक्तीने मोजत. इथे तीच युक्ती तळहातावर मावेल एवढी करून बसवली आहे. दोन खिडक्यांमधून आलेली दोन चित्रं मधल्या पिवळसर चौकोनात एकावर एक पडतात. लेन्सची कडी फिरवली की त्यातलं एक हलतं. दोन्ही जुळली की फोकस लागला. हे कॅमेरे वापरणारी मंडळी म्हणतात, "पॅच जुळला."

[व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा खांब. दोनाचा एक होताना. इथे निवेदन नाही.]

हे एवढं दृश्य मिळवायला आम्हाला दोन दिवस लागले. डोळ्याला सहज दिसणारं ते आमच्या कॅमेऱ्याला काही केल्या दिसेना.

आणखी एक गोष्ट या खिडकीतून दिसते. चौकटीच्या पांढऱ्या रेघा आहेत ना, त्यांच्या बाहेरही जग दिसतं. सायकल फोटोत शिरण्याआधीच तुम्हाला दिसते. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यासमोर अंधार होतो. इथे आरसा उचलला जात नाही. फोटो निघताना समोरचा माणूस दिसतच राहतो.

[टेबल. शेजारी शेजारी ठेवलेले चार कॅमेरे. कॅमेरा सावकाश सरकतो.]

याचा उगम जर्मनीतल्या वेट्झलर गावातला. अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बर्नाक नावाचे एक यंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी सिनेमाची फिल्म घेतली, तिच्या दोन चौकटींची एक चौकट केली, २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. पहिले नमुने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाले. बाजारात तो आला १९२५ साली, लाइपझिगच्या वसंत जत्रेत. लाइट्झचा कॅमेरा म्हणून लायका. त्यात अंतर मोजण्याची सोय नव्हती, ते यंत्र वेगळं विकत घेऊन वर खोचायचं. १९३२ साली ते कॅमेऱ्याच्या पोटात गेलं आणि लेन्सला जोडलं गेलं. १९५४ साली एम-३ आला, त्यात फोकस आणि चौकट एकाच खिडकीत. डावीकडून दुसरा आहे तो. आमच्या दंतवैद्य मित्राच्या वडिलांचा.

त्याच्या शेजारचा हा जाडजूड झोर्की-४, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. झोर्कीच्या घराण्याची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. युक्रेनमधल्या खारकिव्हला अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांची एक वसाहत होती. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाची. १९३४च्या सुमारास त्या मुलांच्या कारखान्यात लायकाबरहुकूम कॅमेरे बनू लागले. नावाची आद्याक्षरं घेऊन कॅमेऱ्याचं नाव पडलं फेड. महायुद्धानंतर तोच नमुना क्रास्नोगोर्स्कला गेला आणि झोर्की जन्मला. त्याचा एक नियम आहे. आधी रोल पुढे सारायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. क्रम चुकला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. विद्यार्थी असलेल्या त्याच्या मालकाने हा नियम कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवलाय.

उरलेले दोन जपानी. कॅनोनेट, आणि काकांचा याशिका इलेक्ट्रो-३५, मूळ मॉडेल १९६६चं. त्याच्या माथ्यावर दोन बाण आहेत. प्रकाश जास्त असला की लाल पेटतो, कमी असला की पिवळा. याची मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. काकांनी पितळी नळीचा तुकडा कापून आजच्या बॅटऱ्या त्यात बसवल्यात.

[सदाशिव पेठेतला वाडा. जिना. वर चढणाऱ्या चपला.]

बाजारातून मंडळी इथे येतात. रविवारी अकरा वाजता. सात जण. नियम थोडेच आहेत. आठवड्याला एक रोल, म्हणजे ३६ फोटो. त्यातला एकच आणायचा, आपल्याला सगळ्यात आवडलेला, आणि तो कागदावर. मोबाइलवर दाखवायचा नाही. ज्याचा फोटो, त्याने गप्प बसायचं. आधी बाकीच्यांनी बोलायचं.

शेवटचा नियम मॅडमचा. त्या शाळेत चित्रकला शिकवतात. कॅनोनेट त्यांचा. त्यांच्याकडे आपण गुरुवारी रात्री गेलो होतो.

[मोरी. खिडकीला काळा पुठ्ठा. बादलीत बर्फ.]

ही त्यांची डार्करूम. एरवी घरातली मोरी. उकाड्यात नळाचं पाणी कोमट असतं आणि डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, हवं वीस अंश. म्हणून बर्फाच्या बादलीत बाटल्या उभ्या केल्यात. थर्मामीटरचा पारा उतरेपर्यंत थांबायचं.

ही काळी पिशवी. तिला दोन बाह्या आहेत. हात आत घालून, न बघता, रोल डबीतून काढायचा आणि चक्रीच्या खाचांमधून गुंडाळायचा. फिल्म दीड मीटरहून लांब असते. कुठे वळ पडला तर तिथली फिल्म एकमेकींना चिकटते आणि तेवढा भाग कोरा राहतो. मॅडमचे डोळे बघा. त्या भिंतीकडे बघतायत, पण बघत बोटांनीच आहेत.

[हात पिशवीत. चेहरा. लांब शॉट, निवेदन थांबेल.]

चक्री टाकीत गेली, झाकण लागलं, आता दिवा लावता येतो. डेव्हलपर ओतला. पहिली तीस सेकंद टाकी सतत उलथी-पालथी. मग दर मिनिटाला दहा सेकंद. प्रत्येक वेळी टाकी फरशीवर हलकेच आपटायची, आतले बुडबुडे सुटायला हवेत. नाही सुटले तर फोटोतल्या आकाशात काळे ठिपके राहतात आणि ते कायमचे. नंतर आम्लाचं पाणी, त्याने डेव्हलपरचं काम थांबतं. मग हायपो. हायपो उरलेलं चांदीचं मीठ विरघळवून टाकतो. त्याच्यानंतर फिल्मला उजेडाचं भय उरत नाही. मग धुणं, बराच वेळ.

काका सांगतात, त्यांच्या तरुणपणी पेठेतल्या स्टुडिओत हेच चालायचं आणि कपाटात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' कागदाचे पुडे असायचे.

[दोरीवर वाळणारी फिल्म. खाली चिमटा. थेंब.]

दोरीला वरून चिमटा, खालूनही चिमटा. रात्रभर पंखा लावायचा नाही, धूळ बसते.

[लाल दिवा. ट्रेमधला कागद.]

शुक्रवार. सहा-सहा चौकटींच्या सहा पट्ट्या एका कागदावर ठेवून एकदाच उजेड दिला की सगळे ३६ फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे एका ठिकाणी दिसतात. ही कॉन्टॅक्ट शीट. भिंग घेऊन मॅडम तिच्यावर वाकतात. जो फोटो बघताक्षणी आवडतो त्याला त्या लगेच निवडत नाहीत. रात्रभर ठेवतात आणि सकाळी पुन्हा बघतात. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात खरं काम हेच आहे. मोबाइलवर आपण दिवसाला ३६ फोटो काढतो, पण एकाही फोटोसमोर रात्रभर थांबत नाही.

निवडलेली चौकट एन्लार्जरखाली, म्हणजे चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली गेली. कागदावर काही सेकंद उजेड. कागद ट्रेमध्ये.

[कागदावर उमटणारं चित्र. पूर्ण लांबीने ठेवावं. निवेदन नाही.]

[रविवार. टेबलावर प्रिंट ठेवणारे हात.]

मॅडमचा फोटो. त्यांची आई तांदूळ निवडतेय. कॅनोनेटला ऐंशी सेंटिमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट दिसत नाही. नुसता चेहरा हवा असता तरी त्यांना मागेच थांबावं लागलं असतं. म्हणून सूप आलं, खिडकी आली, आणि ताटाबाहेर सांडलेले चार दाणेही आले. बोलणारे सगळे त्या दाण्यांबद्दलच बोलले.

हा काकांचा. स्वारगेट, पहाटेचे पावणेसहा. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर नळावर तोंड धुतोय. पिवळा बाण पेटला होता, म्हणजे शटर सावकाश चालणार. काकांनी खांदा गाडीच्या दाराला टेकवला, श्वास सोडला आणि दाबलं. पाणी लांबलचक रेघ होऊन आलंय, ड्रायव्हरचे डोळे मात्र लख्ख. त्याला कळलंही नाही. याशिकाचं शटर लेन्समध्येच असतं, आवाज जेमतेम चिमटीएवढा.

याच शांतपणासाठी बातमीदारांनी हे कॅमेरे जवळ केले. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन हिंदुस्थानात आले होते. कॅमेऱ्याची चकाकी झाकायला ते तिच्यावर काळी पट्टी लावत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, बिर्ला हाउसमध्ये त्यांनी गांधीजींची भेट घेतली. ते तिथून निघाले आणि काही वेळातच गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते परत फिरले. त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगभर गेले.

मंडईतला फोटो दंतवैद्यांचा. फुले मंडईच्या छपरातून येणारा उजेड आणि त्यात कांद्याच्या पोत्यावर बसलेलं मांजर. छान आहे. मॅडम म्हणाल्या, "मांजर छान आहे. फोटो पुढच्या आठवड्यात आणा." ते हसले आणि वहीत लिहून घेतलं.

[विद्यार्थी. हातात फिल्मची पट्टी.]

आता हा मुलगा. झोर्कीवाला. पालखी पुण्यात आली होती. दोन दिवस तो वारकऱ्यांबरोबर चालला. ३६ फोटो घेतले. घरी येऊन रोल धुतला आणि निघाली ती ही.

[पट्टी खिडकीसमोर. पूर्ण पारदर्शक.]

कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव उमटलंय. ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेलं असतं. म्हणजे डेव्हलपर ठीक होता. फिल्म आतल्या चक्रीवरून निसटली होती आणि दोन दिवस जागची हललीच नाही. शटर उघडत होतं, मिटत होतं, समोर नवी फिल्म येतच नव्हती.

त्याने ती पट्टी टेबलावर, इतरांच्या प्रिंटशेजारी ठेवली. नियमाप्रमाणे तो गप्प बसला.

[टेबलाभोवतीचे चेहरे. एकेक. संगीत नको.]

सुरुवातीला ही मंडळी चौदा होती. फिल्म महाग झाली, कॅमेरे उघडून दुरुस्त करणारे हात कमी झाले, काही जण नुसते कॅमेरे कपाटात मांडून बसले. काचेमागे ठेवलेला कॅमेरा आतून सुकतो. तेल घट्ट होतं, शटरच्या पडद्याचं कापड कडक होतं. ज्यांच्या घरी असा एखादा पडून असेल, त्यांनी तो बाहेर काढावा. निदान महिन्यातून एकदा शटर दाबावं. आणि जमलं तर एक रोल घालावा.

[काकांचे हात आणि विद्यार्थ्याचे हात. झोर्कीची पाठ काढलेली.]

त्याच दुपारी. काका नवा रोल घालून दाखवतायत. फिल्मचं टोक चक्रीच्या खाचेत खोचायचं. बोटाने ओढून बघायचं. दात भोकांमध्ये बसलेत ना, ते बघायचं. मग पाठ लावायची, आणि उजवीकडचं बटण फिरवून रोल पुढे सारायचा.

"आता इकडे बघ," काका म्हणतात. "डावीकडे."

रोल पुढे सरतोय, तर गुंडाळायचं डावं बटण आपोआप उलटं फिरायला हवं. फिरलं तर फिल्म हलतेय.

[डावं बटण. जवळून. विद्यार्थ्याचा श्वास ऐकू येतो.]

फिरतंय.

[शटरचा आवाज. काळा पडदा.]