राजकीय पक्षांना सार्वजनिक निधी : आधी हिशेब, मग पैसा

श्रोतेहो,

१९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता, आणि त्यासाठी न्यायालयाची मान्यता आवश्यक होती. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने ती मान्यता दिली, कारण तेव्हाच्या कायद्यात अशा देणगीला मनाई नव्हती. मात्र मान्यता देताना न्यायालयाने संसदेला स्पष्ट इशारा दिला, की कंपन्यांनी पक्षांना पैसा पुरवण्याची ही वाट अशीच रुंदावत गेली, तर एक दिवस ती लोकशाहीचाच गळा आवळेल. आजच्या विषयाची सुरुवात मी येथून करतो, कारण गेल्या सात दशकांत आपण या इशाऱ्याला जी जी उत्तरे दिली, ती सगळी अर्धवट होती.

पहिले उत्तर १९६९ चे. त्या वर्षी कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पण पक्षांनी मग खर्च कशातून भागवायचा, याची कोणतीही पर्यायी व्यवस्था संसदेने उभी केली नाही. निवडणुका होत राहिल्या, खर्च वाढत राहिला आणि पैसा रोखीच्या अंधारात गेला. १९८५ मध्ये बंदी उठली आणि कंपनीच्या नफ्याशी जोडलेली मर्यादा आली. २०१३ मध्ये देणग्या गोळा करून त्या पक्षांना वाटणाऱ्या निवडणूक न्यासांची, म्हणजे इलेक्टोरल ट्रस्टची योजना आली. २०१७ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेले निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचे नाव जाहीर न होता पक्षाला पैसा देण्याचे साधन, २०१८ पासून विकले जाऊ लागले आणि त्याच ओघात कंपन्यांच्या देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकण्यात आली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही संपूर्ण रचना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर उघड झालेल्या आकड्यांनुसार सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. ज्या काळाचा तपशील जाहीर झाला, त्यातील जवळपास निम्मी रक्कम केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाला मिळाली होती. पश्चिम बंगाल आणि तेलंगणमध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या प्रादेशिक पक्षांच्या खात्यांतही हजार कोटींहून अधिक रकमा जमा झाल्या होत्या. मला यातून एकच निष्कर्ष काढता येतो. मोठी देणगी विचारसरणी पाहून जात नाही, ती सत्तेच्या दिशेने जाते, आणि ही गोष्ट कोणत्याही एका पक्षापुरती खरी नाही.

रोखे रद्द झाले, पण त्यांच्या जागी काय यावे, हे न्यायालयाने सांगितले नाही. ते सांगणे न्यायालयाचे काम नव्हतेही. ते काम आपले आहे, आणि मी त्याकडे एका विशिष्ट बाजूने पाहतो. सरकारी तिजोरीतून पक्षांना पैसा द्यावा की नाही, असा वाद आपण घालतो, तेव्हा हा पैसा आजही दिला जातो हे आपण विसरतो. मान्यताप्राप्त पक्षांना १९९८ पासून निवडणुकीच्या काळात दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो. पक्षाचे उत्पन्न, काही अटी पाळल्या तर, करमुक्त असते. शिवाय पक्षाला दिलेली देणगी देणगीदाराला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. व्यक्तींच्या बाबतीत ही वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. तीस टक्के कर भरणारा गृहस्थ एक लाख रुपये देतो, तेव्हा त्यातील सुमारे तीस हजारांचा भार सरकार, म्हणजे आपण सगळे, उचलत असतो. शेतमजूर बाईने आपल्या पक्षाला शंभर रुपये दिले, तर तिच्या शंभरात सरकार एक पैसाही घालत नाही. सार्वजनिक निधी तर आहेच; फक्त तो वरच्या उत्पन्नगटाच्या पसंतीला वजन देतो आणि त्याच्या बदल्यात पक्षांकडून फारसे काही मागत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणणारा निर्णय दिला, त्याच्या मुळाशी जमिनी आणि करसवलती यांच्या रूपाने मिळणाऱ्या याच अप्रत्यक्ष मदतीचा आधार होता. पक्षांनी तो निर्णय अमलात आणला नाही.

सार्वजनिक निधीचा विचार सरकारी समित्यांनीही केलेला आहे. १९९० ची दिनेश गोस्वामी समिती आणि १९९८ ची इंद्रजित गुप्त समिती या दोघींनीही मदत वस्तुरूपाने द्यावी, असे सुचवले. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही आणि हिशेब यांच्या अटी आधी घालाव्यात, असे म्हटले. तर न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील २०१५ च्या २५५ व्या अहवालाने संपूर्ण सरकारी निधी सध्या व्यवहार्य नाही, असा निर्वाळा दिला. इंधन, कागद, टपाल, ध्वनिक्षेपक अशा स्वरूपाची मदत द्यावी, ही कल्पना मला अपुरी वाटते. पक्ष अडकतो तो कार्यालयाचे भाडे, पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे मानधन, समाजमाध्यमांवरील प्रचार आणि दोन निवडणुकांमधील पाच वर्षे यांच्यापाशी. तेवढ्या काळात जो त्याचा खर्च भागवतो, त्याचा शब्द पक्षात चालतो.

पैसा किती लागेल, याचा साधा हिशेब करू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ६४ कोटी मतदारांनी मतदान केले. प्रत्येक मतामागे वर्षाला १० रुपये धरले, तर रक्कम होते ६४० कोटी. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील पावणेआठशेहून अधिक खासदारांना स्थानिक विकास निधी म्हणून प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपये ठरवून दिलेले आहेत. ती रक्कम ३,९०० कोटींच्या आसपास जाते. म्हणजे पैसा नाही, ही अडचण खरी नाही. खरी अडचण सूत्राची आहे.

केवळ मतांवर आधारलेले सूत्र सोपे असते, पण ते कालच्या विजेत्याला आजची रसद पुरवते. शिवाय पक्षाला निधी घरबसल्या मिळू लागला, की कार्यकर्त्याला दारोदार जाऊन वर्गणी मागण्याचे कारण उरत नाही. जर्मनीने या धोक्याचा विचार कसून केला. तेथे १९६७ पासून पक्षांसाठी स्वतंत्र कायदा आहे. घटना न्यायालयाच्या १९९२ च्या निकालानंतर जी पद्धत आली, तिच्यात निधीचा एक भाग मतांवर आणि दुसरा भाग सामान्य माणसांच्या देणग्यांवर ठरतो : एका व्यक्तीने वर्षभरात दिलेल्या ३,३०० युरोपर्यंतच्या रकमेवर प्रत्येक युरोमागे सरकार ४५ सेंट घालते. पहिल्या ४० लाख मतांना पुढच्या मतांपेक्षा जास्त दर मिळतो, त्यामुळे लहान पक्षांना थोडा आधार होतो. सर्वांत महत्त्वाची अट अशी, की पक्षाने स्वतः जितके उत्पन्न मिळवले असेल, त्याहून अधिक सरकारी पैसा त्याला मिळू शकत नाही. सर्व पक्षांना मिळून द्यायच्या रकमेवरही कमाल मर्यादा आहे. २०१८ मध्ये ही मर्यादा १९ कोटी युरोंपर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा या वाढीची गरज कायदेमंडळाने पुरेशी सिद्ध केली नाही, असे म्हणत घटना न्यायालयाने २०२३ मध्ये ती रद्द केली. खासदारांनी आपल्याच पक्षांचा निधी वाढवून घ्यावा आणि न्यायालयाने तो रोखावा, हे तेथे घडू शकते, कारण सूत्र कायद्यात आहे आणि त्याचा हेतूही नोंदलेला आहे.

ही पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे जुळवणीचा, म्हणजे लहान देणगीत सरकारने घातलेल्या भरीचा, भाग मतांच्या भागापेक्षा मोठा असावा. एका मतदाराने वर्षाला दिलेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या देणगीत सरकारने तेवढीच भर घालावी आणि सध्याची करवजावट बंद करून तो वाचलेला पैसा याच कामाकडे वळवावा. यामुळे शंभर रुपये देणाऱ्या माणसाची किंमत पक्षाच्या खजिनदाराला कळेल.

जुळवणीच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण आपल्या महाराष्ट्रानेच पुरवले आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. दोन्ही वेळा विधिमंडळातील संख्याबळ निर्णायक ठरले. त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. पण २०१९ च्या मतांच्या आधारे या पक्षांना दरवर्षी निधी मिळत असता, तर तो कोणाला गेला असता, हा प्रश्न कोणत्याही समितीच्या अहवालात मला ठळकपणे मांडलेला दिसत नाही. नाव आणि चिन्हाबरोबर निधीही जाणार असेल, तर आमदारांचा गट फोडण्याच्या मोबदल्यात आणखी एक भर पडेल, आणि ती मतदाराच्याच पैशातून. म्हणून कायद्यातच असे लिहिलेले असावे, की पक्षावर दोन गटांनी दावा सांगितला, की मतांवर आधारलेला हिस्सा पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबेल आणि तिजोरीत परत जाईल. जुळवणीचा हिस्सा मात्र नागरिक त्यानंतर ज्या गटाला प्रत्यक्ष देणगी देतील, त्याच्यामागे जाईल. किती आमदार कोणाकडे आहेत, या मोजणीला निधीच्या वाटपात स्थान असता कामा नये.

येथे देणगीदाराच्या गोपनीयतेचा मुद्दा येतो आणि तो टाळता येणार नाही. सरपंच एका पक्षाचा असताना गावातील एखाद्या कुटुंबाने विरोधी पक्षाला पाचशे रुपये दिल्याचे जाहीर झाले, तर घरकुलाच्या यादीपासून पाण्याच्या जोडणीपर्यंत त्या कुटुंबाला काय सोसावे लागेल, हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून लहान देणगीची ओळख बँक आणि तपासणी यंत्रणा यांच्यापुरतीच राहावी. मोठ्या देणगीला मात्र असे संरक्षण देता येणार नाही, कारण तिच्या बदल्यात निर्णय विकत घेतला जाण्याची शक्यता असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात नेमका हा भेद मान्य केला आहे. आज २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्यांची नावे पक्षांना वर्षातून एकदा आयोगाला कळवावी लागतात, ती पुष्कळदा मतदान उरकल्यावर लोकांपुढे येतात. मोठी देणगी मिळाल्यापासून काही दिवसांत आणि प्रचाराच्या काळात लगोलग जाहीर झाली पाहिजे. निवडणूक न्यासातून येणाऱ्या पैशालाही हाच नियम लागू हवा आणि कोणाचा पैसा न्यासामार्फत कोणत्या पक्षाला गेला, हे त्यात दिसलेच पाहिजे.

खर्चाची बाजूही मोकळी सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या एकूण खर्चाला मात्र कसलीच मर्यादा नाही. कंवरलाल गुप्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला होता, पण तो निकाल निष्प्रभ करणारी दुरुस्ती लगेच करण्यात आली. पुढे २००३ मध्ये ही पळवाट आक्रसली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही वरची सीमा नाही. अशा स्थितीत ओतलेला सार्वजनिक पैसा खाजगी पैशाची जागा घेणार नाही, त्याच्यावर आणखी एक थर चढवेल. मर्यादा नसेल तर मी निधीच्या विरोधात मत देईन.

आता तपासणीबद्दल. पक्ष आपला लेखापरीक्षक स्वतः निवडतो, हे आधी थांबले पाहिजे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तयार केलेल्या यादीतून तो सोडत काढून नेमावा. निधी किती द्यायचा, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःची मर्जी वापरण्यास अजिबात वाव नसावा, कारण आपल्याकडे निवडणूक आयुक्तांच्या निवडीत सरकारचेच पारडे जड आहे. सूत्रात आकडे घातले, की रक्कम बाहेर पडावी आणि ती कोणालाही पडताळून पाहता यावी. शिक्षेसाठी तुरुंगाची भाषा उपयोगी पडत नाही. ती कधी अमलात येत नाही. जर्मनीच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनने हेसे राज्यातील लपवलेल्या पैशामुळे चुकीचा हिशेब सादर केल्याचे उघड झाले, तेव्हा २००० साली संसदेच्या अध्यक्षांनी त्या पक्षाला ४ कोटी मार्कांहून अधिक अनुदान परत करण्यास भाग पाडले. अनुदान घेणाऱ्या पक्षाकडे परत करण्याजोगे काहीतरी असते, आणि तेच लोकांच्या हातातील साधन ठरते.

निधीसाठी नोंदणीचे दुकान मांडणारेही पुढे येतील. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले, कारण २०१९ पासून त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. तेव्हा किमान पात्रता लागेलच, परंतु मान्यतेच्या निकषाइतकी उंच नको. राज्यात एक टक्का मते पुरेशी समजावीत. महाराष्ट्रात गेल्या विधानसभा निवडणुकीच्या हिशेबाने ती सुमारे सहा लाख होतात. अपक्षांना पूर्णपणे वगळणारी इंद्रजित गुप्त समितीची शिफारस मला मान्य नाही.

एवढे सगळे संसदेने एका अधिवेशनात करावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने स्थानिक संस्थांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे. ठेकेदाराच्या पैशाची पकड सर्वांत घट्ट असते ती नगरपरिषदेच्या निवडणुकीत, आणि तेथे रकमाही हाताळण्याजोग्या असतात. पंधरा-वीस नगरपरिषदा निवडाव्यात, पक्षाऐवजी थेट उमेदवाराला मिळालेल्या लहान देणग्यांत राज्याने भर घालावी, अट म्हणून त्याने प्रचाराचे एकच बँक खाते ठेवावे आणि त्या खात्यातील खर्च राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर रोज दिसावा. नगरसेवक पदावर आल्यानंतर पहिल्या वर्षात कोणाची बिले मंजूर झाली, हे त्याच्या देणगीदारांच्या यादीशी ताडून पाहता येईल, आणि विधिमंडळापुढे पुढचा कायदा मांडताना तो कागद सोबत ठेवता येईल.